एक जातं पाणी

बसा साहेब. ते यंत्र त्या दगडावर ठेवा,
तिथं ओल नसते.
रेघ कुठून जाते ते मला विचारू नका.
मी पाटकरी.
पाणी कुठून जातं तेवढं सांगेन.

तिकडून येतं, तुर्कस्तान रांगेच्या बर्फातून.
नवरोजनंतर महिन्याभरानं उतरतं, गढूळ, ताकासारखं.
आधी किरगिझांची कुरणं,
मग आमचे जर्दाळू,
मग खाली उझबेकांचा कापूस.
उरलंच तर सिर दर्याला मिळतं.
उरत नाही फारसं.

फरगाना म्हणजे परात आहे, साहेब.
कडेनं डोंगर, खुजंदपाशी तेवढा एक टवका उडालेला.
आत आला तो त्या टवक्यातून आला
किंवा पूर्वेच्या खिंडींतून धापा टाकत.
चीनच्या सम्राटानं म्हणे इथल्या घोड्यांसाठी
दोनदा फौजा धाडल्या.
घोड्यांना रक्ताचा घाम फुटायचा.
घोडे गेले, त्यांच्यामागे लसूणघासाचं बी गेलं.
मूळ वाफा इथलाच.
परवा शेळी शिरली होती त्यात.

मग कोकंदचा खान. मग झार.
मग रकाने आखलेले कागद घेऊन माणसं आली.
तू कोण, त्यांनी आजोबांना विचारलं.
आजोबा म्हणाले, इथला.
ते नव्हे, कोण?
मुसलमान.
तेही नव्हे.
जेवण निवत होतं. आजोबा म्हणाले, लिहा ताजिक.
त्यांचा पाठचा भाऊ शोदमोन त्या दिवशी बाजारात होता,
बाजारात त्याला उझबेक लिहिलं.
एका आईचे दोघं, दोन रकान्यांत.
आजी मरेपर्यंत हसत होती त्यावर.

हसण्यासारखंच होतं तेव्हा.
रेघ कागदावर होती, कागद मॉस्कोत.
वडील मोठ्या कालव्यावर खणायला गेले,
पंचेचाळीस दिवस, स्वतःचं फावडं घेऊन,
शेजारी कोण खणतंय ते त्यांनी विचारलं नाही.
धुळीनं सगळ्यांच्या दाढ्या एकाच रंगाच्या.

वरच्या गावचा पाटकरी जुमागाजी.
तो किरगिझ, मी ताजिक,
भांडतो मात्र रशियनमध्ये.
त्या शिव्या दोघांनाही लागत नाहीत.
माप आमचं एकच: एक जातं.
एक जातं फिरेल इतकं पाणी,
मंगळवार रात्रीपासून बुधवार दुपारपर्यंत.
जात्याचा दगड आता मशिदीच्या पायरीला बसवलाय.
पाणी अजून त्याच्याच हिशेबानं येतं.

त्या साली बर्फ कमी पडला.
आधी दाराशी शब्द, मग धोंडे,
मग गणवेशातले आले, त्यांच्याकडे धोंडे नव्हते.
आमची चौदा घरं गेली. त्यांची किती,
मी मोजली नाहीत. धूर दोन्हीकडून दिसत होता.
रस्त्यावर तार आली.
माझी लेक मुनीरा पलीकडे दिलेली,
सतरा मिनिटांच्या वाटेवर.
चार वर्षं तिचं तोंड फोनमध्ये पाहिलं,
फोनही डोंगरावर चढल्याशिवाय लागत नसे.

आणि पहिल्या मंगळवारी
मी फावडं घेऊन इथं आलो, उगाच,
सवयीनं.
दहाच्या सुमाराला पाट ओला झाला.
पाणी आलं.
काळं होतं. राख होती त्यात,
कुणाच्या छपराची ते पाण्यावरून कळत नव्हतं.
मी दारं धरली, राख वाफ्यांत घेतली.
जर्दाळूंनी ती पिऊन टाकली.

मापात कमी होतं, सांगून ठेवतो.
पाऊण जातं असेल.
मी वरच्या अंगाला तोंड करून शिवी हासडली, रशियनमधून.
ऐकू गेली नसेल त्याला.

खांब इथं रोवणार म्हणता?
रोवा. पण चार हात मागं घ्या,
जूनमध्ये हा पाट फुगतो, त्याला तुमचा नकाशा दिसत नाही.
किती वाजले? दुशान्बेचे नको,
पलीकडचे सांगा. ते तासभर पुढे असतात,
पाळी त्यांच्या घड्याळावर चालते.

मग झालीच वेळ.
उचला ते यंत्र.
तो दगड दाराला लावायचा आहे.